चीनची भाषा, तिच्या बोली आणि अरबी अक्षरांतील चिनी

शिक्षणसंस्थांच्या स्मरणिकांत एक वचन हमखास छापलेले असते. ज्ञानासाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जा, अशा अर्थाचे. हजरत पैगंबरसाहेबांच्या नावे ते सांगितले जाते. हदीसच्या जाणकारांनी त्याची सनद दुर्बळ ठरविली आहे, ही गोष्ट वेगळी. ते वाचून आपण पान उलटतो. परंतु वाचकहो, एखादा विद्यार्थी खरोखरच तेथवर पोचला असता तर त्याने कोणत्या भाषेत ज्ञान मागितले असते? 'चिनी भाषेत' असे उत्तर आपण चटकन देऊ. हे उत्तर किती अपुरे आहे ते पाहावे, आणि पाहता पाहता चीनमधील मुसलमानांनी केलेल्या, पण आपल्याकडे फारशा चर्चिल्या न गेलेल्या एका कार्याचीही ओळख व्हावी, यासाठी हा लेखप्रपंच.

चिनी ही एक भाषा आहे असे म्हणण्यापेक्षा ते भाषांचे एक मोठे घराणे आहे, असे म्हणणे अधिक योग्य होईल. अभ्यासक त्याच्या साधारणपणे सात शाखा मानतात. उत्तरेच्या आणि नैर्ऋत्येच्या विशाल प्रदेशात चालते ती मँडरिन. चिनी बोलणाऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के लोक तिच्याच निरनिराळ्या बोली बोलतात. शांघाय, सूचौ या भागात वू, हाँगकाँग व ग्वांगदोंगमध्ये कँटनी, फूज्येनच्या किनाऱ्यावर आणि समुद्रापलीकडे तैवानात मिन. याशिवाय हक्का, श्यांग आणि गान. 'मी' या साध्या शब्दाला बीजिंगचा मनुष्य 'वो' म्हणतो, कँटनचा 'न्गो' आणि फूज्येनचा 'ग्वा'. बीजिंगचा मनुष्य कँटनच्या बाजारात उभा राहिला तर मराठी माणूस कलकत्त्याच्या बाजारात जेवढे समजेल तेवढेच, किंबहुना त्याहूनही कमी, त्याला समजेल.

या बोलीभेदाचा एक पुरावा आपण रोज सकाळी पितो. त्या पानाला फूज्येनच्या मिन बोलीत 'ते' म्हणतात. बाकीच्या बहुतेक चीनमध्ये 'छा'. डच व्यापाऱ्यांनी माल आणि शब्द दोन्ही फूज्येनच्या लोकांकडून घेतले, म्हणून इंग्रजीत 'टी' आली. खुष्कीच्या मार्गाने तोच पदार्थ इराणात गेला तो 'चाय' होऊन, आणि मकाऊला ठाण मांडून बसलेल्या पोर्तुगीजांनीही 'छा'च उचलला. आपला मराठी 'चहा' आणि उर्दू 'चाय' एकाच घरातले. 'टी' मात्र दुसऱ्या बंदरातून आलेली.

आणखी एक अडचण सुरांची. चिनी भाषेत स्वर वर चढला की खाली उतरला यावर शब्दाचा अर्थ ठरतो. बीजिंगच्या बोलीत असे चार सूर आहेत, कँटनीत सहा. 'मा' हा एकच उच्चार घ्या. एका सुरात तो आई, दुसऱ्यात ताग, तिसऱ्यात घोडा आणि चौथ्यात शिवी देणे! हा तिसरा 'मा' लक्षात ठेवावा. चीनमधील मुसलमानांत 'मा' हे आडनाव अतोनात आढळते. 'मुहम्मद' या नावाचे पहिले अक्षर चिनीत लिहिताना अनेक घराण्यांनी घोड्याचे चिन्ह पत्करले, असे त्याचे मूळ सांगतात.

आता प्रश्न असा, की एवढ्या परस्परांना न कळणाऱ्या बोली असूनही चीन दोन हजार वर्षे एका लेखनाने कसा बांधला गेला? याचे उत्तर समजायला दूर जाण्याची गरज नाही. फळ्यावर ५ हा अंक लिहा. मराठी मुलगा तो 'पाच' वाचील, कानडी मुलगा 'ऐदु', फारसी शिकलेला 'पंज'. उच्चार निराळे, अर्थ एक. चिनी लिपीतील चिन्हे बऱ्याच अंशी अशीच आहेत. एक चिन्ह म्हणजे एक शब्द किंवा शब्दाचा एक अर्थपूर्ण तुकडा. त्याचा उच्चार ज्याने त्याने आपल्या बोलीप्रमाणे करावा. त्यामुळे कँटनचा पंडित आणि बीजिंगचा पंडित तोंडाने बोलू शकले नाहीत तरी कागदावर कुंचल्याने गप्पा मारीत. कोरिया, जपान, व्हिएतनाम येथील विद्वानही याच रीतीने चिनी विद्वानांशी लेखी संवाद करीत.

ही चिन्हे म्हणजे नुसती चित्रे असे मात्र समजू नये. 'आई' या अर्थाच्या 'मा'चे चिन्ह पाहा: डावीकडे स्त्रीचे चिन्ह आणि उजवीकडे घोडा! आईचा घोड्याशी संबंध काय? काहीच नाही. घोड्याचे चिन्ह केवळ उच्चार सुचवते आणि स्त्रीचे चिन्ह अर्थ. बहुसंख्य चिनी चिन्हे या जोडपद्धतीनेच बनलेली आहेत.

या लिपीचे सर्वांत जुने नमुने सापडले ते औषधाच्या दुकानात. 'ड्रॅगनची हाडे' म्हणून जी हाडे कुटून औषधात घालीत, त्यांवर कोरलेली अक्षरे आहेत हे १८९९ साली वांग यीरोंग या विद्वानाच्या ध्यानात आले. ही हाडे आन्यांग येथून येत होती, इ. स. पूर्व १२०० च्या सुमारास शांग राजांचे ज्योतिषी त्यांवर प्रश्न कोरून शकुन पाहात. पुढे इ. स. पूर्व २२१ मध्ये छिन शृ-ह्वांग या सम्राटाने सारा देश जिंकला आणि वजनेमापे, गाड्यांच्या आसांची लांबी यांबरोबर लिपीही एकसारखी करविली. इ. स. १०० च्या सुमारास शू शेन याने केलेल्या कोशात ९,३५३ चिन्हे आहेत, तर १७१६ च्या खांगशी कोशात ४७ हजारांवर. घाबरण्याचे कारण नाही. वर्तमानपत्र वाचायला तीन-साडेतीन हजार चिन्हे पुरतात. परंतु शेतकऱ्याच्या मुलाला ती तरी कोण शिकविणार?

लेखनाच्या या एकीची खरी किंमत इथेच आहे. अधिकारी होण्याची परीक्षा ज्या भाषेत द्यावी लागे ती कोणाच्याच घरची भाषा नव्हती. कन्फ्यूशियसच्या काळातील ग्रंथांवर घडलेली ती अतिसंक्षिप्त ग्रांथिक भाषा. कानाने ऐकून ती समजत नसे, डोळ्यांनी वाचावी लागे. विसाव्या शतकातील भाषापंडित जाव युआनरन याने याची गमतीदार साक्ष काढून ठेवली आहे. सिंह खाण्याचा नाद लागलेल्या एका कवीची गोष्ट त्याने या ग्रांथिक भाषेत लिहिली. तीत नव्वदाहून अधिक चिन्हे आहेत आणि आधुनिक बीजिंग उच्चाराने त्या प्रत्येकाचा उच्चार 'शृ' होतो. वाचणाऱ्याला गोष्ट कळते, ऐकणाऱ्याला निव्वळ शुकशुक! जे बोलले जात नाही ते लिहिले की असे होते.

आता मुसलमानांकडे वळू. चीनमधील हुई मुसलमान एक कोटीहून अधिक आहेत. त्यांचे पूर्वज अरब, इराणी आणि मध्य आशियातील व्यापारी, सैनिक, कारागीर. तेराव्या-चौदाव्या शतकात मंगोल बादशहांच्या अमलात त्यांची संख्या फार वाढली व फारसी ही त्यांची आपसातील भाषा होती. १३६८ मध्ये मिंग घराणे आले, परदेशी पेहराव व भाषांवर बंधने पडली, स्थानिक स्त्रियांशी विवाह होतच होते. दीड-दोनशे वर्षांत हुई लोक घरात आणि बाजारात चिनी बोलू लागले. ज्या प्रांतात राहात त्या प्रांताची चिनी. मशिदीत किताब मात्र अरबी-फारसी. सोळाव्या शतकात परिस्थिती अशी आली की किताब समजणारा माणूस शोधावा लागे. तेव्हा शेन्शी प्रांतातील हू दंगचौ (१५२२–१५९७) या आलिमाने स्वतःच्या घरी विद्यार्थी जमवून शिकविण्यास प्रारंभ केला. त्यातून मशिदीशी जोडलेली मदरशांची परंपरा उभी राहिली. शिक्षकाला 'आहोंग' म्हणत; हा शब्द म्हणजे फारसी 'आखुंद'.

या मदरशांत एक वेगळीच चिनी तयार झाली. वाक्य चिनी, पण त्यात 'नमाज', 'दोस्त', 'खुदा' हे शब्द चिनी जिभेला पेलतील अशा रूपांत बसलेले. नमाजांच्या वेळांची नावे अरबी नव्हेत, फारसी: बामदाद, पेशीन, दीगर, शाम, खुफ्तन. हनान प्रांतात तर स्त्रियांच्या स्वतंत्र मशिदी झाल्या, त्यांत स्त्री आहोंग मुलींना शिकवीत, आणि फारसीचा वारसा त्या मुलींच्या पाठांत पुष्कळ काळ टिकला. मुलींच्या शिक्षणाचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य वाचावी.

ज्या कार्याचा मी आरंभी उल्लेख केला ते याच मदरशांतले. मुलाला कुराणाच्या पाठामुळे अरबी अक्षरे येत होती. चिनी चिन्हे येत नव्हती. उस्तादाने सांगितलेला अर्थ त्याने टिपून घ्यायचा कसा? त्याने तो अरबी अक्षरांत लिहिला. भाषा चिनी, अक्षरे अरबी. या लेखनाला 'श्याव-अर-जिंग' म्हणतात. नावाचा अर्थ साधारण 'लहानांचा किताब'. फारसीतून पे, चे, गाफ घेतले, 'त्स'सारख्या खास चिनी उच्चारांसाठी आणखी काही अक्षरे बनवली. उर्दू लिहिताना आपण जेर, जबर, पेश बहुधा गाळतो. इथे ते आवर्जून दिले जात, कारण स्वर गाळला तर चिनी शब्द ओळखणेच कठीण. सूर मात्र लिहीत नसत. तरीही वाचणाऱ्याचे अडत नसे. या लेखनात टिपणे झाली, पत्रे गेली, हिशेब राहिले. चीनमध्ये वर्णमालेने चिनी लिहावी अशी चळवळ सुरू होण्याच्या कितीतरी आधी मशिदीच्या ओसरीवर बसलेली पोरे हे करीत होती. आणि तरीही राज्याच्या हिशेबी ती निरक्षरच, कारण साक्षर म्हणजे चिन्हे येणारा!

हुई विद्वानांनी दुसरीही वाट धरली होती, हे सांगितलेच पाहिजे. नानजिंगच्या ल्यू जृ याने १७१० च्या सुमारास इस्लामी आचारधर्मावर आणि १७२४ मध्ये पैगंबर-चरित्रावर थेट ग्रांथिक चिनीत ग्रंथ लिहिले. कन्फ्यूशियसच्या अनुयायांना कळतील अशा शब्दांत त्याने इस्लाम मांडला. त्याच्या एका ग्रंथाची नोंद बादशाही ग्रंथसूचीत झाली. म्हणजे राज्याच्या पंडितांशी बोलायला एक लेखन आणि आपल्या लेकरांशी बोलायला दुसरे. मला विचाराल तर दुसरे काम अधिक निकडीचे होते, पण मान पहिल्याला मिळाला. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील वाचकांना हे चित्र परके वाटू नये. घरात कोकणी बोली, मकतबात अरबी, शाळेत उर्दू किंवा मराठी. मुलाची घरची बोली 'अशुद्ध' म्हणून त्याला वर्गात गप्प बसविणारे शिक्षक मी पाहिले आहेत. आपल्यापैकी किती जणांनी आईला पत्र तिच्या बोलीत लिहिले आहे?

१९०५ साली ती पुरातन परीक्षा बंद झाली आणि चीनमध्ये भाषेचा प्रश्न एकदम पेटला. देश एक, तर बोलायची भाषा एक हवी, ती कोणाची? १९१३ मध्ये बीजिंगला उच्चार निश्चित करण्यासाठी प्रांतोप्रांतीचे पंडित जमले. या परिषदेतला एक किस्सा सांगतात. दक्षिणेकडील एक सभासद आपल्या बोलीत रिक्षाविषयी काही बोलला. उत्तरेच्या वांग जाव याच्या कानाला ती अर्वाच्य शिवी वाटली आणि तो बाह्या सरसावून अंगावर धावून गेला. अखेर प्रत्येक प्रांताला एक मत देऊन सुमारे साडेसहा हजार चिन्हांचे उच्चार बहुमताने ठरविले. थोडे उत्तरेचे, थोडे दक्षिणेचे. १९१९ मध्ये त्यांचा कोश निघाला, परंतु ही भाषा जन्मतः बोलणारा एकही मनुष्य पृथ्वीवर नव्हता. शिकविण्यासाठी तिच्या ध्वनिमुद्रिका केल्या त्या वर सांगितलेल्या जाव युआनरनने. या भाषेचा एकमेव वक्ता आपणच, असा विनोद तो करीत असे. १९३२ मध्ये हे कडबोळे सोडून बीजिंगच्या सुशिक्षितांचा उच्चार प्रमाण धरण्यात आला. बहुमताने कायदा होतो, भाषा होत नाही.

दरम्यान लेखनातही क्रांती झाली. १९१७ मध्ये हू शृ याने बोलभाषेत लिहा असा पुकारा केला, १९१८ मध्ये लू शूनची 'वेड्याची रोजनिशी' आली, १९२० मध्ये प्राथमिक शाळांतून ग्रांथिक भाषेऐवजी बोलभाषा शिकविण्याचा हुकूम निघाला. हुई समाजही मागे नव्हता. १९२५ मध्ये जीनान येथे छंगदा हे अध्यापक विद्यालय निघाले व १९२९ मध्ये बीजिंगला गेले. अरबीबरोबर आधुनिक चिनी व इतर विषय शिकवून मदरसा आणि शाळा यांतली दरी बुजविण्याचा तो प्रयत्न होता. वांग जिंगजाय यांनी कुराणाचे चिनी भाषांतर १९३२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि कैरोच्या अल-अझहरमध्ये शिकून पुढे बीजिंग विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या मा ज्येन यांचे संपूर्ण भाषांतर १९८१ मध्ये निघाले.

याच धामधुमीच्या चीनमध्ये १९३८ साली आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस पोचले. ते चिनी शिकले आणि वैद्यकाचे पाठ चिनीतून देऊ लागले. १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले 'यिनह्वा'. 'यिन' म्हणजे हिंदुस्थान, 'ह्वा' म्हणजे चीन; दोन चिन्हांत दोन देश! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डॉक्टर तेथेच वारले.

१९४९ साली नवे राज्य आले तेव्हा दर दहांतले आठ लोक निरक्षर होते. चिन्हे टाकून रोमन लिपी घ्यावी असे म्हणणारे थोर लोक पुष्कळ होते. लू शूनही त्यांत होता. परंतु तसे झाले नाही. १९५६ मध्ये बीजिंगच्या उच्चारावर आधारलेली 'पुतोंगह्वा' म्हणजे सर्वसामान्य भाषा देशभर शिकविण्याचे ठरले, चिन्हे सोपी केली (घोड्याच्या चिन्हाला पूर्वी दहा रेघा लागत, आता तीन), आणि ११ फेब्रुवारी १९५८ रोजी 'पिनयिन' ही रोमन अक्षरांतली लेखनपद्धती मान्य झाली. तिचे एक प्रमुख कर्ते जौ यौग्वांग २०१७ मध्ये वयाच्या १११ व्या वर्षी निवर्तले. पिनयिन चिन्हांच्या जागी आली नाही; ती चिन्हांची दाई झाली. मुलगा आधी पिनयिन शिकतो, मग तिच्या आधाराने चिन्हे. मोबाईलवरही पिनयिन टंकायची आणि पुढे आलेल्या चिन्हांतून हवे ते निवडायचे. त्यामुळे शिकल्यासवरल्या लोकांनाही हाताने चिन्ह काढताना अडखळायला होते, अशी तक्रार आता तेथे ऐकू येते.

सरकारी आकड्यांप्रमाणे २०२० पर्यंत ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक पुतोंगह्वा बोलू लागले होते. यश मोठे आहे. पण अंकांचा जो दाखला मी वर दिला तो इथे अपुरा पडतो, हेही पाहिले पाहिजे. आजचे लेखन बोलभाषेत आहे खरे, पण ती बोलभाषा उत्तरेची. हाँगकाँगचा मुलगा 'तो' या अर्थी घरी 'खोय' म्हणतो; पुस्तकात मात्र उत्तरेच्या 'ता'चे चिन्ह, तेच त्याने कँटनी उच्चाराने वाचायचे. म्हणजे तो आपल्या उच्चारात दुसऱ्याची भाषा वाचतो. तैवानात लष्करी कायद्याच्या काळात, १९८७ पर्यंत, शाळेत मिन बोलणाऱ्या मुलांना दंड होई, गळ्यात पाटी अडकवीत. २०१९ च्या कायद्याने तेथे या भाषांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान मिळाला. सिंगापुरात १९७९ पासून 'मँडरिन बोला' मोहीम चालली आणि नातवंडांना आजीची बोली कळेनाशी झाली. २०१० मध्ये दूरचित्रवाणीवरील कँटनी कमी करण्याच्या सूचनेवरून ग्वांगचौचे लोक रस्त्यावर उतरले. अरबी अक्षरांवरही संक्रांत आली. २०१९ मध्ये बीजिंगच्या हलाल खाणावळींना पाट्यांवरील अरबी काढावयास लावले.

चिन्हांवाचून चिनी जगूच शकत नाही, एकसारख्या उच्चारांचे शब्द इतके की गोंधळ होईल, असे पंडित म्हणत आले आहेत. त्याला जिवंत उत्तर चीनच्या सरहद्दीपलीकडे आहे. १८६२ पासून शेन्शी-गान्सूत हुई लोकांचे बंड पेटले. ते चिरडले गेल्यावर १८७७-७८ च्या हिवाळ्यात बाय यानहू व इतर नेत्यांबरोबर काही हजार माणसे ऐन बर्फात त्येनशान पर्वत ओलांडून रशियाच्या मुलखात गेली. कित्येक वाटेतच गोठली. वाचलेल्यांचे वंशज आज किरगिझस्तान व कझाकस्तानात दीड लाखाच्या आसपास आहेत. त्यांना दुंगान म्हणतात. ते शेतकरी होते, चिन्हे जाणणारा त्यांच्यात विरळाच. अरबी अक्षरे मात्र बरोबर आली होती. सोविएत राज्यात त्यांच्या शाळा निघाल्या तेव्हा प्रथम अरबी, १९२८ मध्ये रोमन आणि १९५३ मध्ये रशियन लिपी त्यांच्या भाषेला देण्यात आली. पंचवीस वर्षांत तीन लिप्या! आजोबांची वही नातवाला वाचता येईना, हे नुकसान लहान नव्हे. परंतु गान्सूच्या साध्या बोलीत, सूरही न दाखवता, रशियन अक्षरांत त्यांची वर्तमानपत्रे निघाली, पाठ्यपुस्तके झाली, यासिर शिवाझा (१९०६–१९८८) यांच्यासारखा कवी झाला. जसे बोलतात तसेच लिहिले असल्याने गोंधळाचे कारणच उरले नाही. बोलताना जो कानाला कळतो तो शब्द कागदावर का कळू नये? 'शृ'ची ती गोष्ट दुंगानी लिपीत लिहिता येणार नाही. पण दुंगानी शेतकरी तशी गोष्ट सांगणारच नाही.

सोविएत राज्य १९९१ मध्ये संपले, सरहद्द उघडली आणि दुंगानी तरुण व्यापारासाठी, शिक्षणासाठी शीआन व लानचौ या शहरांत येऊ लागले. शेन्शीतल्या म्हाताऱ्यांना त्यांचे बोलणे ऐकून नवल वाटते, कारण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचे, तेथे मागे पडलेले शब्द या पाहुण्यांच्या तोंडी ताजे आहेत. मशिदीत सलाम होतो, शेतीभातीची, लग्नकार्याची चौकशी होते, दुभाष्याची गरज पडत नाही. बाहेर रस्त्यावर आल्यावर मात्र दुकानाच्या पाटीवर काय लिहिले आहे, ते पाहुणा यजमानाला विचारतो.